साखरेची वही आणि तिची किल्ली

मधुमेहाचा इतिहास लिहावयास बसलेला माणूस बहुधा इन्सुलिनचाच इतिहास लिहून उठतो. त्यात त्याचा दोष नाही, ती गोष्टच तशी आहे. टोरँटो शहरात १९२१ सालच्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट हे दोघे कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढीत बसतात काय, ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला तो टोचला जातो काय, पहिली खेप फसल्यावर कॉलिप हा रसायनज्ञ दिवसरात्र खपून अर्क शुद्ध करतो आणि २३ जानेवारीच्या दुसऱ्या खेपेला पोराची साखर झरझर खाली येते काय! पुढे तिघा शोधकांनी आपले हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले, हे वाचले म्हणजे आपल्यासारख्या संसारी माणसाला गहिवरून येते. कादंबरीकाराला याहून आयते कथानक कोठे मिळणार?

पण इन्सुलिन आले आणि मधुमेहाने मरणारा मनुष्य मधुमेहासह जगू लागला. जगू लागला म्हणजे रोज हिशेब ठेवू लागला. सकाळी साखर किती, खाल्ले काय, टोचले किती, दुपारी किती झाली. कमी टोचले तर साखर वर्षानुवर्षे डोळे आणि मूत्रपिंडे पोखरीत राहते. जास्त टोचले तर ती इतकी उतरते की मनुष्य थोड्या वेळात बेशुद्ध पडतो, आणि कोणी धावून आले नाही तर दगावतोही. तेव्हा औषधाइतकीच त्या हिशेबाची वही महत्त्वाची. ती वही कोणाच्या हाती असावी, ती कोणी वाचावी, तीत कोणी लिहावे आणि तिच्याकडे पाहून औषधाची तोटी कोणी फिरवावी, हा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाही. अलीकडे ही वही इंटरनेटवर जाऊन बसली तेव्हा ह्या जुन्या प्रश्नाला कुलूप-किल्लीचे रूप आले. माझा शास्त्राशी संबंध मॅट्रिकपाशी संपला. पण वर्गाचे हजेरीपुस्तक मी पुष्कळ वर्षे सांभाळले आहे, आणि वही ही काय चीज आहे हे मास्तराइतके कोणाला कळणार?

अगदी प्रथम वही नव्हतीच, मुंग्या होत्या. रोग्याच्या अंगाला आणि लघवीला मुंग्या लागतात, हे प्रमेहाचे पूर्वचिन्ह म्हणून चरकसंहितेत नोंदलेले आहे, आणि आपल्याकडचा ‘मधुमेह’ हा शब्दच त्या गोडीची साक्ष देतो. विलायतेत टॉमस विलिस ह्या वैद्याने १६७४ साली तीच गोडी जिभेने ओळखली. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने १७७६ साली रोग्याची लघवी आटवून खाली उरलेली साखर डोळ्यांनी पाहिली, आणि रक्ताचे पाणीही गोड लागते हे सांगितले. म्हणजे इथवर साखरेची खबर काढणारा वैद्य, आणि ती ठेवणाराही वैद्यच. रोग्याने विचारावे आणि वैद्याने मान हलवावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत स्टॅन्ली बेनेडिक्ट ह्यांनी निळे द्रावण शोधून काढले, आणि साखर घराघरांत दिसू लागली. पुष्कळ घरांतल्या वडीलधाऱ्यांना ते अजून आठवत असेल. परीक्षानळीत निळे पाणी घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकावयाचे, नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरावयाची. निळे राहिले तर हुश्श करावयाचे, आणि हिरवे, पिवळे, नारिंगी होत विटकरी झाले की घरच्या बाईने डबा उचलून वरच्या फळीवर ठेवावयाचा. आमच्या आजोबांच्या खोलीत असा एक दिवा होता, आणि दिवाळीच्या दिवसांत तो हटकून ‘सापडत नसे’. तो कोण लपवीत असे हे सांगण्याची गरज नाही.

पण ह्या रंगात एक खोट होती. रक्तातील साखर बरीच वर चढल्याखेरीज ती लघवीत उतरतच नाही. आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. साखर घसरून मनुष्य बेशुद्धीच्या कडेला आला तरी नळीतले पाणी आपले निळेच! म्हणजे जी खबर तातडीने हवी तीच ह्या वहीत लिहिता येत नव्हती.

तरीही वहीवर श्रद्धा ठेवणारा एक थोर माणूस त्या काळात होऊन गेला. बोस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन. विद्यार्थिदशेपासून त्यांनी आपल्या मधुमेही रोग्यांची नोंद जाडजूड खतावण्यांत ठेवावयास सुरुवात केली आणि ती जन्मभर चालविली. रोग्यालाच शिकवून शहाणा केला पाहिजे हा त्यांचा आग्रह, आणि त्यासाठी १९१८ साली त्यांनी डॉक्टर आणि रोगी दोघांनाही वाचता येईल असे पुस्तक लिहिले. मला हा माणूस आमच्या जातीचा वाटतो, म्हणजे मास्तरांच्या. पण जॉस्लिनसाहेबांची खतावणी दवाखान्याच्या कपाटात राही. आणि त्या कपाटाचे कुलूप फार काळ कोणाला टोचलेही नाही.

ते टोचले रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका अभियंत्याला. बाराव्या वर्षापासून मधुमेही असलेला हा गृहस्थ पस्तिशीतच नाना उपद्रवांनी जर्जर झाला होता. १९६९ साली त्याने एका व्यावसायिक मासिकात एक जाहिरात पाहिली. एम्स कंपनीने रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखर सांगणारे यंत्र काढले होते. वजन तीन पौंड, किंमत सुमारे साडेसहाशे डॉलर. यंत्र काढले होते ते रुग्णालयांसाठी, अशा हेतूने की रात्री प्रयोगशाळा बंद असता बेशुद्ध आणलेला मनुष्य दारू प्यालेला आहे की मधुमेहाने पडलेला आहे हे कळावे. बर्नस्टीनने ते मागितले, तर उत्तर आले की हे यंत्र डॉक्टरांनाच विकले जाते. ज्याच्या बोटातले रक्त, ज्याच्या अंगातली साखर, त्यालाच तिचा आकडा पाहावयाची मुभा नाही! पण त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावाने यंत्र घरी आले.

मग ह्या अभियंत्याने कारखान्यातले यंत्र तपासावे तसे स्वतःला तपासावयास सुरुवात केली. दिवसातून अनेकदा बोट टोचावयाचे, आकडा लिहावयाचा, खाणे आणि इन्सुलिन थोडे बदलून पुन्हा पाहावयाचे. हळूहळू त्याची प्रकृती सुधारली. हे त्याने लेख लिहून सांगितले, पण वैद्यकीय नियतकालिकांनी ते परत पाठविले. तेव्हा हा पठ्ठ्या पंचेचाळिशीच्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बसला आणि स्वतःच डॉक्टर झाला! वहीसाठी इतकी किंमत मोजलेला दुसरा मनुष्य माझ्या माहितीत नाही.

त्याचे म्हणणे खरे होते, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हावयास १९९३ साल उजाडले. अमेरिकेत आणि कॅनडात १,४४१ रोग्यांवर दहा वर्षे चाललेल्या एका पाहणीचा निकाल त्या वर्षी आला. वारंवार साखर पाहून इन्सुलिन काटेकोर घेणाऱ्यांत डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, मूत्रपिंडाचा ५० टक्क्यांनी, मज्जातंतूंचा ६० टक्क्यांनी. पण त्याच निकालात दुसरीही एक ओळ होती. काटेकोरपणा पाळणाऱ्यांत साखर एकदम उतरून दुसऱ्याची मदत लागण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे तसे! ह्या दुसऱ्या ओळीने किती आयांची झोप नेली असेल ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही. झोपलेल्या मुलाची साखर उतरली तर ते सांगणार कसे? म्हणून रात्री दोनला गजर लावून उठावयाचे, पोराचे बोट टोचावयाचे, आकडा पाहावयाचा, आणि पुन्हा पहाटे पाचला.

ह्या दोन चिंतांतून दोन यंत्रे घराघरांत पोचली. एक, कमरेला लावावयाचा पंप. त्यातून इन्सुलिन बारीक धारेने दिवसभर अंगात जात राहते. दुसरे, त्वचेखाली बसविलेला केसासारखा सेन्सर. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा जवळच्या एका डबीला बिनतारी कळवितो. एक सांगणारे आणि एक करणारे. वाचकांनी हा भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे महाभारत ह्या भेदाभोवती आहे.

पंपही काळाबरोबर बिनतारी झाला. लहानसे रिमोट दाबावे आणि कपड्याआड असलेल्या पंपाने जेवणाचे इन्सुलिन सोडावे. सोय मोठी. चारचौघांत सदरा वर करावयास नको. पण रिमोटची आज्ञा पंपाने ओळखावयाची कशी? इथे बनविणाऱ्यांनी भोळेपणा केला. ऑगस्ट २०११ मध्ये लास व्हेगस येथे संगणक-सुरक्षेच्या जाणकारांची परिषद भरली होती. तीत जे रॅडक्लिफ नावाचा तरुण उभा राहिला. तो स्वतः मधुमेही, कमरेला पंप. त्याने दाखवून दिले की पंपाचा अनुक्रमांक ठाऊक असला की परका मनुष्य त्या पंपाला आज्ञा देऊ शकतो. त्याच वर्षी बर्नाबी जॅक ह्या न्यूझीलंडच्या तरुणाने त्याच्याही पुढे मजल मारली. अनुक्रमांक ठाऊक नसतानाही तीनशे फुटांवरून पंप ताब्यात घेता येतो आणि कुपीतले सारे इन्सुलिन सोडावयास लावता येते, हे त्याने करून दाखविले.

तीनशे फूट म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकापासून शेवटच्या वर्गाहूनही लांब. जे औषध प्राण वाचविते तेच भिंतीपलीकडून शस्त्र व्हावे, आणि मारेकऱ्याचा ठसाही मागे राहू नये! रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी ह्यावर झडप घातली त्यात नवल नाही. प्रत्यक्षात अशा रीतीने कोणी मेल्याची एकही खात्रीची नोंद नाही, हेही सांगितले पाहिजे. दिवाळीच्या दिवसांत कोणाची झोप उडविण्याचा माझा हेतू नाही.

आता सांगणाऱ्या यंत्राकडे वळू. तिथे दुखणे नेमके उलटे होते. पंपाला कुलूप नव्हते, आणि सेन्सरच्या डबीला ते इतके घट्ट होते की घरच्यांनाही आत शिरता येईना.

न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या जॉन कॉस्टिक ह्या संगणक-अभियंत्याच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ साली मधुमेह निघाला. पुढच्या वर्षी मुलाला सेन्सर लागला. डबी आकडा दाखवी, पण तो फक्त डबीजवळच्या माणसाला. मूल शाळेत गेले की डबी शाळेत, आणि बाप कचेरीत बसून घड्याळाकडे पाहतो आहे. कंपनीने संगणकाला जोडण्याची सोय ठेवली होती ती मागचे आकडे डॉक्टरला दाखविण्यापुरती. कॉस्टिकने डबीची संगणकाशी चाललेली बोलणी कान देऊन ऐकली, तिची भाषा उकलली, आणि आकडे उचलून इंटरनेटवरच्या एका तक्त्यात ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. बापाला कचेरीत मुलाची साखर दिसू लागली. त्याने ही वार्ता जगजाहीर करताच तशाच चिंतेतले दुसरे आईबाप गोळा झाले. त्यांत लेन डेसबरो होते, जे स्वतः पंप बनविणाऱ्या कंपनीत अभियंता होते आणि ज्यांच्या घरीही हेच दुखणे होते. ह्या मंडळींनी मिळून जी व्यवस्था उभी केली तिचे नाव ‘नाइटस्काउट’, म्हणजे रात्रीचा टेहळ्या. ‘आम्ही थांबणार नाही’ हे त्यांचे घोषवाक्य होते.

नाइटस्काउटची रचना पाहण्यासारखी आहे. डबी वायरने मुलाच्या दप्तरातल्या मोबाइलला जोडावयाची. मोबाइल दर पाच मिनिटांनी आकडा एका कोठारात पाठविणार. त्या कोठारातून वेबपानावर आलेख उमटणार, आणि तो आईच्या फोनवर, आजीच्या टॅबवर, कोणाच्या मनगटी घड्याळावर दिसणार. सर्वांचे मिळून एक मोठे कोठार त्यांनी केले नाही. प्रत्येक कुटुंबाने आपले कोठार स्वतः उभारावयाचे. एक फुटले तर एकाचे फुटेल. फुकट मिळालेल्या प्रोग्रामला मालक कोणी नव्हता, म्हणून वहीची मालकी ज्याची त्याच्याकडेच राहिली.

कुलपाच्या बाबतीत आरंभी त्यांनी एक निवड केली, आणि तिच्याबद्दल दोन मते होऊ शकतात. वहीत लिहावयाचे तर किमान बारा अक्षरांचा गुप्तशब्द लागे. वाचावयाचे असेल तर मात्र पानाचा पत्ता ठाऊक असला की पुरे. कोणी म्हणेल, हा केवढा निष्काळजीपणा! मुलाच्या शरीराची खबर रस्त्यावरच्या कोणीही वाचावी? पण पहाटे तीनला ज्या आजीला नातवाचा आकडा पाहावयाचा आहे तिला बारा अक्षरे आठवली नाहीत तर काय होईल, ह्याचाही विचार करावा लागतो. परक्याने आकडा वाचला तर अब्रू जाईल, आजीला वाचता आला नाही तर नातू जाईल, असा तो हिशेब होता. पुढे त्यांनी तो सुधारला. प्रत्येकाला वेगळी किल्ली देण्याची सोय झाली. आजीची किल्ली फक्त पाहण्याची, बाईंची किल्ली शाळेत दिलेल्या खाऊची नोंद करण्याची, आणि सारे बदलण्याची किल्ली आईबापांपाशी. बिनकिल्लीच्या माणसाला दार बंद करून घेता येऊ लागले. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासात ह्याहून शहाणे पाऊल नाही, आणि ते पगारी तज्ज्ञांनी नव्हे, रात्री जागून काम करणाऱ्या आईबापांनी टाकले.

आणखी एक बारकावा. दप्तरातला मोबाइल बंद पडला तर पानावर शेवटचा आकडा तसाच उभा राहणार, आणि तो ताजा समजून आई निर्धास्त झोपणार. म्हणून आकडा शिळा झाला की नाइटस्काउट त्यावर आडवी रेघ मारते. पुसत नाही, रेघ मारते. आमच्या हजेरीपुस्तकात खाडाखोडीला मनाई असते. चुकले ते रेघेखाली वाचता आले पाहिजे, असा दंडक. अमेरिकेतल्या अभियंत्यांना तो कोणी सांगितला कोण जाणे!

ह्याच सुमारास सिॲटलला डेना लुइस नावाची तरुणी राहत होती. मधुमेही, आणि झोप इतकी गाढ की सेन्सरचा गजर वाजून वाजून थकावा. तिने कॉस्टिकचा प्रोग्राम मिळवून आपले आकडे बाहेर काढले आणि गजर मोठा केला. तिचा जोडीदार स्कॉट लीब्रँड संगणकांच्या जाळ्यांतला जाणकार. दोघांनी साखर पुढे कोठे जाईल ह्याचे गणित बसविले. गणित बसल्यावर साहजिकच मनात आले, की हा आकडा माणसाने वाचून पंपाची कळ दाबण्याऐवजी संगणकानेच का दाबू नये? पण कळ दाबावयाची तर पंपाने परक्याची आज्ञा ऐकली पाहिजे. आणि अशी आज्ञा ऐकणारा पंप बाजारात होता कोणता? तोच जुना, ज्याच्या ढिलेपणावर २०११ साली एवढे काहूर उठले होते!

ही मला ह्या इतिहासातली सर्वांत विलक्षण जागा वाटते. २०१४ च्या अखेरीस ह्या दोघांनी खिशात मावणारा संगणक, सेन्सर आणि तो बिनकुलपाचा पंप जोडून कृत्रिम स्वादुपिंड चालू केले, आणि २०१५ साली त्याची रचना ‘ओपन-एपीएस’ ह्या नावाने सर्वांना खुली केली. कंपनीने पुढच्या पंपांत ढिलाई दुरुस्त केली होती, त्यामुळे जुने पंप लोक शोधशोधून मिळवू लागले. एकाला जी खिंडार वाटली ती दुसऱ्याला वाट झाली.

पण वाट काढणाऱ्यांनी डोके ठिकाणावर ठेवले होते. संगणक पंपाला जी आज्ञा देई ती अर्ध्या तासापुरतीच असे. मध्येच संपर्क तुटला, खिशातली बॅटरी संपली, तर अर्ध्या तासात ती आज्ञा आपोआप विरावी आणि पंपाने डॉक्टरांनी ठरविलेल्या मूळच्या धारेवर परत यावे. एका वेळी किती इन्सुलिन सोडावयाचे ह्यालाही वरची मर्यादा. म्हणजे यंत्र वेडे झाले तरी त्याचे वेड आखूड असावे. घरच्या बाईने मोलकरणीपाशी दुकानापुरतेच पैसे द्यावेत, तिजोरीची किल्ली देऊ नये, तशातला हा प्रकार.

तिकडे रॅडक्लिफ स्वस्थ बसला नव्हता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने दुसऱ्या एका पंपातले दोष जाहीर केले. हा पंप जॉन्सन अँड जॉन्सनच्या अ‍ॅनिमस शाखेचा. दोष समजावयास संगणकाची पदवी नको, पत्रव्यवहाराचा अनुभव पुरे. पहिला दोष म्हणजे रिमोटची आज्ञा उघड्या कार्डावर लिहिल्यासारखी जाई; वाटेत कोणीही वाचावी. दुसरा, पंप आणि रिमोट एकमेकांना ओळखण्यासाठी जी खूण वापरीत ती कधी बदलतच नसे. रोज तोच परवलीचा शब्द. तिसरा दोष अधिक मौजेचा. आज्ञेचा अर्थ न कळताही ती नुसती टिपून ठेवावी आणि नंतर पुन्हा ऐकवावी, की पंप पुन्हा औषध सोडणार. पोपटाला ‘दार उघड’चा अर्थ कोठे कळतो? पण गड्याने दार उघडायचे ते उघडलेच! ह्यावर उपाय जुना आहे. प्रत्येक पत्रावर वाढता जावक क्रमांक घालावा, आणि एकदा आलेला क्रमांक पुन्हा आला की पत्र केराच्या टोपलीत टाकावे. आमच्या कचेरीतला साधा कारकूनही हे जाणतो. यंत्राच्या अभियंत्याला ते सुचले नव्हते.

कंपनीने अमेरिका आणि कॅनडातील सुमारे १,१४,००० रोग्यांना पत्रे पाठविली. त्यांत सांगितले होते, की वाटल्यास बिनतारी सोय बंद ठेवा, मात्रेला मर्यादा घाला, आणि औषध सुटण्यापूर्वी पंप थरथरावा अशी व्यवस्था करा, म्हणजे आज्ञा तुमची नसेल तर तिथल्या तिथे रद्द करता येईल. ह्या तिसऱ्या सूचनेचे मला कौतुक वाटते. इतके गणित आणि इतकी विद्युल्लता राबवून शेवटी विचारावयाचे ते माणसालाच, ‘सोडू ना?’

जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिक कंपनीच्या जुन्या मिनिमेड पंपांबद्दल इशारा दिला. परका मनुष्य त्यांना आज्ञा देऊ शकतो आणि ही उणीव दुरुस्त करणे शक्य नाही, म्हणून पंप बदलून घ्यावेत. अमेरिकेत हे पंप वापरणारे सुमारे चार हजार लोक कंपनीला आढळले. कोणाला इजा झाल्याची खात्रीची माहिती नाही, हेही प्रशासनाने नमूद केले. पण ज्यांनी ते पंप हौसेने शोधून घेतले होते, ज्यांच्या साखरेचा आलेख प्रथमच रात्रभर सपाट जाऊ लागला होता, त्यांनी काय करावे? नवा पंप घ्यावा तर तो बाहेरच्याची आज्ञा घेईना. जुना ठेवावा तर फाटक उघडे. इशारा बरोबर होता. पंप सोडावयास नाखूष असलेली माणसेही चूक नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत आभार मानण्याचा मोठा सण होता. आपल्या दिवाळीसारखी घरे माणसांनी भरलेली, पोटे पक्वान्नांनी. एव्हाना सेन्सर बनविणाऱ्या डेक्सकॉम कंपनीने स्वतःच नाइटस्काउटसारखी सोय चालू केली होती, आणि हजारो आईबाप तिच्या भरवशावर झोपू लागले होते. ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर कंपनीची व्यवस्था कोलमडली. मुलांच्या उशाशी असलेले यंत्र चालू होते, पण दुसऱ्या खोलीतल्या आईच्या फोनपर्यंत गजर पोचत नव्हता. फोन गप्प, म्हणजे सारे ठीक, असे समजून आया झोपल्या होत्या. कंपनीचा जाहीर खुलासा सकाळी आला, आणि सारे पूर्ववत व्हावयास काही दिवस लागले. इथे कोणी चोर नव्हता, कोणी कुलूप फोडले नव्हते. कोणी आत शिरू नये म्हणून सारे शहाणे राबले होते, आणि खबर बाहेर पडली नाही म्हणून घात व्हावयाची वेळ आली. बंद पडल्यावर निदान ‘मी बंद आहे’ असे ओरडून सांगणारी घंटा त्या व्यवस्थेत असावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. नाइटस्काउटच्या त्या आडव्या रेघेची किंमत अशा रात्री कळते.

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने ‘टाइडपूल लूप’ ह्या प्रोग्रामला मान्यता दिली. सेन्सरचा आकडा वाचून पंपाला आज्ञा देणारा हा प्रोग्राम मुळात रोग्यांनी आणि आईबापांनी घडविलेल्या खुल्या रचनेतून वर आलेला. ज्यांना एकेकाळी मागच्या दाराने शिरावे लागले त्यांना पुढच्या दाराने आत घेतले गेले. त्याच्या आदल्याच महिन्यात तेथे कायदा झाला होता, की इंटरनेटला जोडले जाणारे वैद्यकीय यंत्र विकावयाचे तर बनविणाऱ्याने त्याच्या सुरक्षेची योजना आधी दाखवावी, बाजारात गेल्यावर सापडणारी भगदाडे बुजविण्याची सोय ठेवावी, आणि आतल्या प्रोग्रामात कोणकोणते तयार तुकडे वापरले आहेत ह्याची यादी सोबत जोडावी. चिवड्याच्या पाकिटावर शेंगदाणे, डाळे, तेल आणि मीठ छापलेले असते, तशीच ही यादी. हा कायदा मार्च २०२३ अखेर लागू झाला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ही कागदपत्रे नसलेला अर्ज प्रशासन तपासणीला न घेता परत करू लागले.